एकादशी आणि अंड्यांचा पूल

प्रागच्या चार्ल्स ब्रिजवर पहाटेच जा, नाहीतर नुसती डोकी बघाल, असं सगळ्यांनी बजावलं होतं. म्हणून सव्वापाचला मी आईला घेऊन जुन्या गावाकडच्या बुरुजाखाली हजर. आईने साडीवर माझं जॅकेट चढवलेलं, पिशवीत राजगिऱ्याचे लाडू. आषाढी होती.

पूल अगदीच रिकामा नव्हता. तीन ट्रायपॉड होते आणि एक नवरी. पांढऱ्या झग्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलून ती फोटोग्राफर सांगेल तशी मागेपुढे करत होती. झग्याखाली स्पोर्ट शूज. "शहाणी आहे," आई म्हणाली. तिथली दगडी फरसबंदी बघता मलाही पटलं.

1342 च्या पुरात व्लतावा नदीवरचा आधीचा पूल वाहून गेला, म्हणून चौथ्या चार्ल्स राजाने हा बांधायला घेतला. पायाभरणीचा मुहूर्त म्हणे 1357 सालातला, जुलैची 9 तारीख, पहाटे 5 वाजून 31 मिनिटं. आकडे ओळीने मांडले तर 1-3-5-7-9-7-5-3-1. चढता जिना, उतरता जिना. मुहूर्ताची ही गोष्ट दंतकथेत जमा, पण आईला ती फार आवडली. "म्हणजे यांच्याकडेही पंचांग होतं!"

दोन्ही कठड्यांवर मिळून 30 पुतळे आहेत. बहुतेक आता नकला, अस्सल संग्रहालयात हलवलेत. आई प्रत्येकासमोर थांबत होती. मी तिला थेट नेपोमुकच्या संत जॉनपाशी नेलं. हा पाद्री; राणीने याच्यापाशी सांगितलेलं गुपित राजाला सांगेना, म्हणून 1393 मध्ये याला इथूनच नदीत फेकला, अशी कथा. (इतिहासकार म्हणतात, भांडण एका मठाच्या नेमणुकीवरून होतं. पण तसल्या कारणासाठी कोण नमस्कार करेल?) ब्राँझचा हा पुतळा 1683 चा. चौथऱ्यावरचे देखावे काळवंडलेत, पण नदीत पडणारा जॉन आणि पलीकडच्या देखाव्यातलं कुत्रं एवढंच सोन्यासारखं लखलखतं. लोकांनी हात लावून लावून. आईने बोटं टेकवली, डोळ्यांना लावली. "पांडुरंगाचे पाय असेच झिजलेत," ती म्हणाली. मग कुत्र्यालाही गोंजारून आली.

इथवर सगळं छान चाललं होतं. माझीच जीभ वळवळली. पूल पक्का व्हावा म्हणून चुन्यात अंडी कालवली होती, गावोगावहून गाड्या भरून आली होती, ही गोष्ट मी सांगून बसले. वेलवारी गावच्या लोकांनी तर वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली! आई हसेल असं वाटलं होतं. ती चालता चालता थांबली.

"आमच्या वाड्याच्या चुन्यात गूळ होता, हिरडा होता," ती म्हणाली. "अंडी कशाला?"

"अगं, साडेसहाशे वर्षं झाली. गोष्ट खरी की खोटी..."

"आधी सांगायचंस ना. आज एकादशी."

उरलेला पूल तिने झपाझप उतरला. एकाही संताकडे पाहिलं नाही. पलीकडे माला स्त्राना वस्तीच्या बाजूला गेल्यावरच पिशवीतून लाडू काढला, अर्धा मला दिला. नवरीचा फोटोग्राफर अजून ओरडत होता. हॉटेल नदीच्या अलीकडे, जिथून आलो तिथेच.

"दुसरा पूल किती लांब आहे?" आईने विचारलं.

मानेसचा पूल दहा मिनिटांवर होता. तिकडून आलो.