‘गोफास्ट’चा वेग पडद्यावरूनच काढा

2015 मध्ये अमेरिकी नौदलाच्या एफ-18 विमानाने टिपलेला ‘गोफास्ट’ हा अनोळखी उडत्या वस्तूचा व्हिडिओ पाहताना ती वस्तू समुद्राला चिकटून सुसाट पळतेय असंच वाटतं. वैमानिकही थक्क झालेले ऐकू येतात. पण हिशोबाला लागणारे आकडे पडद्यावरच आहेत.

विमानाची उंची 25,000 फूट. लॉक बसल्यावर, म्हणजे कॅमेऱ्याने वस्तूचा माग धरल्यावर, कॅमेरा 26 अंश खाली झुकलेला, वस्तूपर्यंतचं अंतर 4.4 नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे 26,700 फूट. त्याला 26 अंशांच्या साइनने (0.438) गुणा: 11,700 फूट. वस्तू विमानाच्या इतकी खाली आहे; 25,000 मधून हे वजा करा. म्हणजे वस्तू साधारण 13,000 फुटांवर, समुद्रापासून बरीच वर. पुढे 35 अंश आणि 3.4 नॉटिकल मैल घेऊनही उत्तर तेच येतं. ही पडताळणी जरूर करा.

मग पळतं काय? मुख्यतः विमानच, ताशी सुमारे 680 किलोमीटरने. त्यामुळे मागचं पाणी झरझर सरकतं. नासाच्या अभ्यासगटाने 2023 मध्ये वस्तूचा सरासरी वेग ताशी 40 मैलांच्या आसपास काढला. वाऱ्यावर वाहणाऱ्या वस्तूला तो सहज शोभतो. फुगा? शक्य आहे, पण हा हिशोब वेग सांगतो, ओळख नाही.

लॉकआधीच्या भागात अंतराचा आकडाच नसतो. तिथून वेग काढायला जाऊ नका.