पडद्यावरची आरती

गणपतीच्या दिवसांत पुण्यात संध्याकाळी सातला आरती सुरू होते, तेव्हा अबू धाबीत साडेपाच आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. अशी तीन ठिकाणी पांगलेली आमची बिऱ्हाडे घरच्या संगणकावरून एकाच आरतीला उभी राहतात. एकमेकांना पाहत बोलण्याची ही सोय मराठी घरांत प्रथम बहुधा स्काइपने आणली. २००३ साली सुरू झालेले स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले, आणि त्याच्या जागी झूम, गूगल मीट वगैरे येऊन बसले. ही सगळी मंडळी मनाने कचेरीतली आहेत. एक जण बोलेल, बाकीचे ऐकतील आणि बोलण्याखेरीज जो आवाज येईल तो उपद्रव समजावा, अशी त्यांची घडण आहे. आरतीत मात्र सगळे एकदम गातात, आणि घंटा, झांजा व टाळ्या यांच्यावाचून तिला रंग चढत नाही. त्यामुळे या सॉफ्टवेअरकडून आरती करवून घ्यायची तर त्याच्या काही समजुती आधी मोडाव्या लागतात.

पहिली समजूत गोंगाटाविषयीची. मायक्रोफोनमधून येणाऱ्या आवाजात माणसाचे बोलणे कोणते आणि इतर काय, हे सॉफ्टवेअर क्षणोक्षणी ताडून पाहते आणि इतर जे असेल ते दाबून टाकते. पंख्याची घरघर आणि कुकरची शिट्टी त्यामुळे पलीकडे पोहोचत नाही, हे उत्तमच. परंतु त्याच न्यायाने घंटाही गिळली जाते, टाळ्या विरून जातात आणि विठ्ठलाच्या आरतीत एका श्वासात खेचला जाणारा तो लांबच लांब सूर मध्येच तुटतो, कारण न बदलता टिकून राहणारा नाद यंत्राला गोंगाटच वाटतो. झूममध्ये ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ नावाचा पर्याय असतो. तो सुरू केला की ही काटछाट थांबते. गूगल मीटमध्ये ‘नॉइज कॅन्सलेशन’ बंद करता येते. प्रतिध्वनी रोखणारी सोय मात्र, आवाज स्पीकरवर ऐकायचा असल्यास, सुरूच ठेवावी. नाहीतर आपलीच आरती पलीकडच्या खोलीत फिरून आपल्याकडे परत येते. आणखी एक सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे, ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन वापरात आला की पुष्कळदा त्यातल्या ऐकण्याच्या आवाजाचाही दर्जा उतरतो. चारशे रुपयांचा वायरवाला मायक्रोफोन अशा वेळी अधिक इमानी ठरतो.

दुसरी अडचण कोणत्याही सेटिंगने सुटणारी नाही, कारण ती भूगोलाची आहे. प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी साडेबारा हजार किलोमीटर भरते, म्हणजे नुसत्या प्रवासातच ६० मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. प्रत्यक्षातल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, आणि चित्र व आवाज आवळून पाठवण्यात व पुन्हा उलगडण्यात आणखी वेळ मोडतो. गप्पांना त्याची बाधा होत नाही. एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सुरळीत चालते, असा दूरसंचाराचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. एकत्र ताल धरायला मात्र साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपलीकडचा विलंब चालत नाही. पुण्याची टाळी न्यू जर्सीला उशिरा पोहोचते, तिला धरून तिकडे वाजलेली टाळी पुण्यात दुप्पट उशिरा येते, ती ऐकून पुणेकर थांबतात, पुणेकर थांबले म्हणून तिकडचेही थांबतात, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गणपतीची आरती भूपाळीच्या लयीत येते.

यावर एकच तोडगा आहे. एका घराने गायचे, आणि इतरांनी आपला मायक्रोफोन बंद करून, ऐकू येणाऱ्या आवाजाला धरून मोकळ्या गळ्याने म्हणायचे. प्रत्येक घरात आरती तालात पूर्ण होते. आघाडीच्या घराला इतरांचे फक्त हलणारे ओठ दिसतात, तेही किंचित मागे पडलेले. ‘जय देव’चा शेवट झाला की सर्वांनी मायक्रोफोन उघडून एकदम जयघोष करावा, जयघोषाला तालाची अट नसते.

चित्राच्या बाबतीत मखरातली रोषणाई हा मोठा शत्रू आहे. मूर्तीमागे दिव्यांच्या माळा लखलखत असल्या की कॅमेरा तो उजेड प्रमाण मानतो आणि बाप्पाचा चेहरा काळवंडतो. मागच्या माळा आरतीपुरत्या विझवून समोरून एक साधा दिवा लावला की मुकुटावरचे खडेसुद्धा दिसतात. लॅपटॉप जमिनीवर ठेवला तर छत आणि काकांचे सोवळे एवढेच दर्शन घडते, म्हणून कॅमेरा मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. हातातला मोबाइल त्याच बैठकीत दुसरा सदस्य म्हणून जोडला, तर निरांजनाचे जवळून दर्शन देता येते. मात्र त्याचा मायक्रोफोन आणि स्पीकर दोन्ही बंद असावेत, नाहीतर कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते.

आणि सोंड! आपलेच चित्र आपल्याला आरशातल्यासारखे उलटे दाखवण्याची या सॉफ्टवेअरची रीत आहे. त्यामुळे रीतसर निवडून आणलेला डाव्या सोंडेचा गणपती यजमानांना पडद्यावर उजव्या सोंडेचा दिसतो, आणि उजव्या सोंडेचे सोवळे किती कडक, हे ठाऊक असलेल्या आजींचा जीव टांगणीला लागतो. पलीकडच्यांना मूर्ती सरळच दिसत असते, हे त्यांना पटवण्यात वेळ घालवण्यापेक्षा झूमच्या व्हिडिओ सेटिंगमधली ‘मिरर’वरची खूण काढावी.

इंटरनेटविषयी इतकेच, की आघाडीच्या घराने वायफायवर विसंबू नये आणि संगणक लॅन केबलने राउटरला जोडावा. फुकटातल्या झूमची बैठक ४० मिनिटांत आपोआप संपते. आरत्या तेवढ्यात होतात, परंतु त्यानंतर मोदकांची चौकशी, तब्येतींची विचारपूस आणि न्यू जर्सीतल्या नातवंडांचे श्लोक असा भरगच्च कार्यक्रम असतो, म्हणून दुसऱ्या बैठकीचा दुवा आधीच पाठवून ठेवलेला बरा. आघाडी कोणत्या घराने घ्यावी, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. सर्वांत वेगवान नेट अबू धाबीला आहे, खणखणीत आवाजाची आत्या न्यू जर्सीला आहे आणि पितळी घंटा पुण्यात आहे.