रविवारच्या फोर्टात चाळीस माणसांचा खेळ

टीम बिल्डिंग म्हटलं की मुंबईतल्या ऑफिसांना कर्जत, लोणावळा नाहीतर अलिबागचं रिसॉर्ट आठवतं. यंदा हे काम माझ्याकडे आलं तेव्हा शहराबाहेर जायचं नाही, हे मी सगळ्यांत आधी ठरवून टाकलं. आम्ही चाळीसेक जण. कुणी विरारहून येतं, कुणी बदलापूरहून, कुणी पनवेलहून. पहाटे बस सुटणार असेल तर बदलापूरच्या बाईने घरातून निघायचं कधी? लहान मुलं असलेल्या बायका दरवर्षी "मला नाही जमणार" म्हणून नाव काढून घेतात. ज्यांना एकत्र आणायचं, त्यांच्यातलेच कितीतरी जण घरी राहतात. सीएसएमटी आणि चर्चगेटला मात्र तिन्ही मार्गांच्या लोकल येतात, आणि दोन्ही स्टेशनांच्या मध्ये चालत जाण्यासारखं सबंध फोर्ट आहे.

आधी मैदान शोधत होते. शिवाजी पार्क सगळ्यांनी सुचवलं. पण आम्हाला डिसेंबरचा पहिला आठवडा सोयीचा होता आणि ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी त्या दिवसांत देशभरातून लाखो माणसं शेजारच्या चैत्यभूमीवर येतात. तेव्हा तिथे आपला खेळ मांडणं मनाला पटत नव्हतं. शिवाय २०१० पासून शिवाजी पार्क शांतता क्षेत्र आहे, म्हणजे माइक नाही. ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही तिन्ही मैदानं रविवारी क्रिकेटची. एका सामन्याच्या सीमारेषेवर दुसऱ्या सामन्याचा क्षेत्ररक्षक उभा असतो, तिथे आपण जाऊन कुणाला हटवायचं नाही. जानेवारीत ढकलावं म्हटलं, तर तिसऱ्या रविवारी मॅरेथॉनमुळे दक्षिण मुंबईतले रस्ते बंद असतात, मग २६ जानेवारीचा बंदोबस्त येतो, आणि पाठोपाठ काळा घोडा महोत्सवाची गर्दी. त्यामुळे डिसेंबरच्या मध्यातला रविवार धरला. रविवारी फोर्टातली ऑफिसं बंद असतात, फुटपाथ मोकळे मिळतात. अट एकच घातली: लोकांचा रविवार घेतोय तर सोमवारी बदली सुट्टी द्यायची. व्यवस्थापनाने ती मान्य केली म्हणूनच मी पुढे गेले. ही सुट्टी नसेल तर असा खेळ ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खेळ कोणता, यावर बरीच चर्चा झाली. आमच्यातल्या तरुण मुलांना रस्सीखेच हवी होती. मी नाही म्हटलं. दोर हाताला गुंडाळून ओढणारा एक तरी निघतोच आणि बोटं दुखावतात. शिवाय अशा खेळांत दोघं-तिघं जिंकतात आणि उरलेले टाळ्या वाजवत बसतात. म्हणून चालत चालत ठिकाणं ओळखायचा खेळ पक्का केला आणि पाहणीला मुद्दाम दोघांना बरोबर घेतलं: गुडघेदुखीने हैराण असलेली डिस्पॅचमधली एक सहकारी, आणि आमचे शिपाई काका. काकांनी उमेदीची कितीतरी वर्षं याच भागात बँकांची टपाल पोचवण्यात घालवली आहेत. कुठल्या गल्लीतून बोरा बाजारात निघता येतं, कुठल्या फुटपाथवर दहानंतरही सावली टिकते, हे त्यांना पाठ आहे. मी नकाशा उघडला की ते म्हणायचे, "ताई, तो राहू द्या, माझ्या मागनं या."

त्या पाहणीतच खेळाचे नियम ठरले. डी. एन. रोड ओलांडायचा तो सीएसएमटीच्या भुयारी मार्गानेच. त्या जिन्याशी माझी सहकारी दोनदा थांबली, तेव्हा प्रत्येक टप्प्याची वेळ आम्ही तिच्या चालीवरून बांधली. बायकांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहं आम्ही दोघींनी स्वतः आत जाऊन पाहिली आणि तेवढीच नकाशावर दाखवली. एशियाटिक ग्रंथालयाच्या बाजूला नौदलाचा परिसर आहे आणि जवळच रिझर्व्ह बँक, त्यामुळे तिथल्या प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याचं तोंड हॉर्निमन सर्कलच्या बागेकडेच ठेवायचं. मुंबईत पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला मनाई करणारे पोलिसांचे आदेश वेळोवेळी निघत असतात. लग्न, अंत्ययात्रा वगैरेंना सूट असते, तरी आमचा खेळ त्यात कुठे बसतो याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा मी स्थानिक पोलीस ठाण्यात दिवस, वेळ आणि मार्ग लिहिलेलं पत्र दिलं आणि पोच घेतली. ती झेरॉक्स प्रत्येक गटाच्या पाकिटात होती.

आता खेळाविषयी. सहा गट आणि सहा ठिकाणं. प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या ठिकाणापासून आणि मग ओळीने पुढे, म्हणजे एका जागी दोन गट एकदम येत नाहीत, कुणी कुणाच्या मागे लागत नाही. लवकर पोचल्याचे गुण शून्य. उत्तराबरोबर गटातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो असेल तरच ते धरायचं. रस्त्यावरची धावपळ या एका नियमाने थांबली. चिठ्ठ्या टाकून गट पाडले, फक्त साहेब लोक एका गटात येणार नाहीत एवढं पाहिलं.

कोडी तयार करताना मला सगळ्यांत आनंद झाला. रोज चर्चगेटला उतरणाऱ्यांना विचारलं, या नावातलं चर्च कुठे आहे? ते स्टेशनजवळ नाहीच. हॉर्निमन सर्कलपाशी १७१८ सालचं सेंट थॉमस कॅथेड्रल आहे, त्या चर्चकडे जाणारा कोटाचा दरवाजा तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडला गेला तसा दरवाजाही गेला, आणि त्या सुमाराला, १८६४ मध्ये, फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते म्हणून उत्तर बाहेरूनच शोधायचं, आत पाऊल टाकायचं नाही. दुसरं कोडं: जुना घोडा स्वारासकट भायखळ्याला गेला, इथला एकटा आहे. सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. काळा घोडा चौकात २०१७ पासून स्वार नसलेला नवा घोडा उभा आहे. तिसरं, मुलाने आईच्या नावाने बांधवलेलं घड्याळ: प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर. तो ओव्हलच्या कडेने पाहायचा, मग मैदानाच्या पलीकडे वळून आर्ट डेको या १९३० च्या दशकातल्या शैलीच्या इमारतींच्या खिडक्यांवरचे भुवयांसारखे छज्जे शोधायचे. एका बाजूला टोकदार कमानींची जुनी गॉथिक शैली, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको. या जोडीला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आमच्यातले कित्येक जण हे मैदान वर्षानुवर्षं ओलांडत आलेत, पण थांबून वर कुणी पाहिलं नव्हतं.

१८२२ पासून निघणाऱ्या मुंबई समाचारच्या लाल इमारतीपाशी मात्र एक प्रसंग घडला. तिथलं कोडं एका गुजराती शब्दावर होतं. त्या गटात आमच्या अकाउंट्समधल्या बेन होत्या. ऑफिसात हिशेबापलीकडे त्या बोलत नाहीत, जेवायलाही एकट्याच बसतात. गटाने त्यांना पुढे केलं. त्यांनी शब्द वाचला, अर्थ सांगितला, मग त्यांचे आजोबा हा पेपर कसा मोठ्याने वाचायचे तेही सांगितलं. गट तिथेच थांबून ऐकत राहिला. वेळेचे गुण नव्हते, म्हणून ते थांबू शकले. काकांचा गट तर एकही कोडं न चुकता आला, कारण त्या सकाळी त्यांच्या गटातले मॅनेजरसुद्धा काकांच्या मागून चालत होते.

साडेदहाला सगळे चर्चगेटला जमलो. रविवारी फोर्टातली बरीच हॉटेलं बंद असतात म्हणून नाश्ता बरोबरच आणला होता: केळी, चिक्की, वडापाव, जैन मंडळींसाठी कच्च्या केळ्याचे वडे. रविवार म्हणजे रेल्वेचा ब्लॉक, रुळांच्या दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, असणारच. पश्चिम मार्गाचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून आम्ही चर्नी रोडची गाडी नक्की केली होती. गिरगावातल्या एका शाळेचं पटांगण दुपारपर्यंत भाड्याने मिळालं होतं. त्यासाठी अर्ज, अनामत रक्कम आणि जागा झाडून परत देण्याची लेखी हमी, एवढं लागलं. तिथे लगोरी झाली आणि लंगडी. लंगडीत ज्यांना पाय टेकायचा त्यांना मुभा होती. लगोरीला मऊ रबरी चेंडू घेतला आणि चेंडू कमरेच्या वर मारायचा नाही एवढंच सांगितलं. बर्फाचा डबा आणि क्रेप बँडेज बरोबर होतं, त्याची गरज पडली नाही. दुपारी दीडला जेवून सगळे आपापल्या गाडीला लागले. माणशी खर्च रिसॉर्टच्या अर्ध्याहूनही कमी आला. वाचलेल्या पैशांतून काय करावं असं साहेबांनी विचारलं, तेव्हा आम्ही रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकांसाठी असाच एक दिवस मागितला. त्या रविवारी ते कामावर होते.

आमच्या पुणे शाखेने आता आराखडा मागवला आहे. मी त्यांना गट फिरवण्याचा तक्ता, पोलिसांच्या पत्राचा मसुदा आणि नियम पाठवले, कोडी पाठवली नाहीत. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंतचा रस्ता त्यांनी स्वतः चालून पाहावा, आणि चालताना ऑफिसातल्या सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या माणसाला बरोबर न्यावं, असं कळवलं आहे.