पाच व्होल्टचा शॉर्ट

३१ जुलैच्या सकाळी नौपाड्यातील आमच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानाचे शटर अर्धेच वर गेले होते, तेव्हाच एक करसल्लागार प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ४८० जीबीची साटा एसएसडी (संगणकातला डेटा साठवणारा ड्राइव्ह) घेऊन दारात उभे राहिले. रात्री वीज जाऊन परत आल्यापासून संगणक सुरू होत नाही, ही एसएसडी काढली की मात्र होतो, एवढे त्यांनी स्वतःच शोधून काढले होते. "दुरुस्त नाही झाली तरी चालेल, पण डेटा तेवढा काढून द्या," असे ते म्हणाले. त्यांचा शेवटचा बॅकअप मार्चमधला होता, आणि विवरणपत्रे भरण्याची मुदत त्याच रात्री संपत होती.

मला या लक्षणातच आशा दिसली. एसएसडी ओळखली जाते पण क्षमता भलतीच दाखवते, तेव्हा बहुधा फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतले सॉफ्टवेअर, बिघडलेले असते आणि ते काम फार किचकट. येथे मात्र शॉर्ट जाणवून एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, स्वतःला बंद करून घेत होता.

कव्हर उघडून ५ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांमध्ये मल्टिमीटर लावला, तर जेमतेम अर्धा ओहम, म्हणजे शॉर्टच. पहिला संशय कनेक्टरजवळच्या संरक्षक डायोडवर होता, म्हणून तो उचलला, शॉर्ट तसाच. तेवढ्यात आमच्या मदतनीसाने विचारले, "दादा, मेमरी चिपा काढून रीडरवर वाचू या का?" जुन्या पेन ड्राइव्हवर ही युक्ती चालायची. एसएसडीत कंट्रोलर ही मुख्य चिप असते; तो डेटा अनेक मेमरी चिपांत विखरून, सांकेतिक करून ठेवतो आणि कोणता तुकडा कुठे आहे हे उलगडण्याची रीतही त्याचीच असते. त्यामुळे याच बोर्डावर कंट्रोलर आणि मेमरी चिपा दोन्ही जिवंत व्हायला हव्या होत्या.

मग बेंच पॉवर सप्लायवरून फक्त १ व्होल्ट दिला, करंटला २ अँपिअरची मर्यादा घातली आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरले. सगळा बोर्ड ओला असताना पॉवर आयसीशेजारच्या एकाच कपॅसिटरचा माथा क्षणात कोरडा पडला, म्हणजे तापत होता तो तोच. मेमरी चिपांना उष्णता लागली तर त्यांतील साठवण बिघडू शकते, म्हणून त्यांच्यावर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप चिकटवून मोहरीहून लहान असलेला तो कपॅसिटर हॉट एअरने काढला. मीटर किलोओहमवर गेला, म्हणजे शॉर्ट गेला. त्याच्या जागी नवा बसवला नाही. समांतर जोडलेले बाकीचे कपॅसिटर काही तास पुरेसे होते, आणि मला तेवढेच हवे होते.

ड्राइव्हवर काहीही लिहू न देणाऱ्या राइट ब्लॉकरमागे जोडताच पूर्ण क्षमता दिसली. समोर छोटा पंखा ठेवून डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने प्रतिमा, म्हणजे सगळ्या डेटाची हुबेहूब प्रत, घेतली. दोन ठिकाणी वाचन अडले, पण तो भाग त्यांच्या फायलींचा नव्हता.

"मग हीच परत लावू ना?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो आणि नव्या एसएसडीवर डेटा उतरवून दिला. घरी जाण्याइतकाही वेळ दवडायला ते तयार नव्हते. आमच्याच संगणकावर बसून त्यांनी उरलेली विवरणपत्रे भरायला घेतली. त्या रात्री शटर साडेअकराला खाली आले.