डाव्या कानामागची पेन्सिल

सुतारकामाच्या बेंचवर शेगडा, म्हणजे लाकूड जबड्यात घट्ट धरून ठेवणारं अवजार, बसवायला मला साधारण तीन तास लागतात. त्या दिवशी सहा लागले, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच, आणि दोष ना शेगड्याचा होता ना लाकडाचा.

बाई इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवायच्या. निवृत्तीनंतर त्यांना सुतारकामाचा नाद लागला. बेंच मीच दोन महिन्यांपूर्वी करून दिलं होतं, सहा फूट लांब, वरची फळी 70 मिलिमीटर जाड. आता त्याला शेगडा हवा होता. त्यांनी आणून ठेवलेला चांगलाच होता: ओतीव लोखंडाचा, 9 इंची जबडा, मधे जाड स्क्रू, दोन्ही बाजूंना दांडे. पुढचा खटका दाबला की स्क्रूवर बसलेलं अर्धं नट सुटतं आणि जबडा हाताने सरळ मागेपुढे करता येतो, मूठ फिरवत बसावं लागत नाही. वजन पंधरा-सोळा किलो तरी असेल.

जागा ठरवण्यात मी वेळ घालवला नाही. डावं टोक, पायाच्या जवळ, म्हणजे दणके पायातून जमिनीत जातात. आजवर जेवढे बसवले ते सगळे डावीकडेच.

आधी हिशेब. शेगड्याच्या बैठकीपासून लोखंडी जबड्याच्या माथ्यापर्यंत 100 मिलिमीटर भरले. हा माथा मी फळीच्या 12 मिलिमीटर खाली ठेवतो. रंध्याचं पातं लोखंडावर एकदा जरी घासलं, तरी पुढचा अर्धा तास धार लावण्यात जातो. म्हणजे हवेत 112, फळी 70 ची, उरले 42. तेवढ्या जाडीचा ठोकळा फळीखाली लावायचा आणि त्याखाली शेगडा. बाईंनी माझ्या खांद्यावरून आकडे पाहिले आणि वही तपासल्यासारखं "बरोबर" म्हणाल्या.

मग खाच. मागचा जबडा बेंचच्या कडेवर नुसता ठोकून दिला तर तो पुढे डोकावत राहतो, आणि लांब फळी कडेला लावून धरायची म्हटलं की मधे फट पडते. म्हणून तो कडेच्या आत घ्यायचा, इतका की त्यावर लाकडी अस्तर चढवलं की अस्तर आणि कड एका पातळीत यावी. जबडा 20, अस्तर 18, खाच 38 मिलिमीटर. करवतीने कडेला जवळजवळ काप घेतले आणि मधला माल पटाशीने उडवायला लागलो. पहिले दोन ठोकळे टकाटक निघाले. तिसऱ्याखाली गाठ निघाली. गाठीभोवती लाकडाच्या रेषा वळतात, आणि पटाशी आपल्या मनाने नाही, रेषेच्या मनाने जाते. एका ठोक्याला ती बाजूला सरकून आत घुसली आणि अंगठ्याएवढी ढलपी घेऊन बाहेर आली. पुढचा तासभर मोगरी बाजूला ठेवून नुसत्या हाताच्या जोराने, कागदाएवढ्या पातळ ढलप्या काढत बसलो. बाई टेपचं टोक धरत होत्या, खुणा करत होत्या, भुसा फुंकत होत्या. खूण झाली की पेन्सिल कानामागे.

भोकं वरून पाडली. आधी 25 मिलिमीटरचं रुंद भोक, बोल्टचं डोकं आत बुडेल एवढं, आणि मग त्याच्या मधोमध आरपार 12 चं. हा क्रम उलटा केला की मोठ्या बिटाच्या टोकाला धरायला लाकूडच उरत नाही आणि तो फळीभर नाचतो. बोल्ट 10 चेच घेतले. भोकात थोडी मोकळीक असली की शेगडा इकडेतिकडे सरकवून सरळ करता येतो, शिवाय लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं-आकसतं, त्यालाही जागा राहते. खालून नुसते स्क्रू पिळून शेगडा टांगणारेही असतात. मी नाही टांगत. वजन उचलायला गाडीचा जॅक घेऊन गेलो होतो, त्यावर शेगडा ठेवून हळूहळू वर चढवला.

शेवटचं काम मला सगळ्यात आवडतं. जबडे मिटताना आधी वरच्या ओठाला टेकले पाहिजेत, खाली केसभर फट राहिली पाहिजे. आवळला की दांडे किंचित लवतात आणि तेव्हा दोन्ही जबडे समांतर होतात. सुरुवातीलाच समांतर असतील तर आवळल्यावर वर फट पडते, आणि काम तर वरच धरायचं असतं. हा नेमका समांतर निघाला. पुढचं अस्तर खालच्या अंगाने रंध्याने अर्धा मिलिमीटर उतरवलं. कागदाची पट्टी घालून मिटवलं: वर अडकली, खाली सुटी. मूठ आवळली: दोन्हीकडे घट्ट. वर लाकडी बुचं मारायची तेवढी राहिली होती. म्हटलं, "घ्या बाई, चालवून बघा."

त्यांनी फळी धरली, रंधा उचलला आणि माझ्या अपेक्षेच्या उलट बाजूला, डाव्या टोकाला, बेंच आणि भिंत यांच्यामधल्या दोन फुटांत जाऊन उभ्या राहिल्या. रंध्याची मागची मूठ डाव्या हातात. हात मागे घेतला आणि कोपर भिंतीवर आपटलं.

"बाई, तुम्ही डावखुऱ्या?"

"हो. का?"

पेन्सिल सकाळपासून डाव्या कानामागे होती. टेपवरचे आकडे त्या उलटे वाचत होत्या, तेही मी पाहिलं होतं. उजवा माणूस रंधा उजवीकडून डावीकडे, शेगड्याच्या दिशेने ढकलतो. डावखुऱ्याचा रंधा डावीकडून उजवीकडे जातो. तेव्हा शेगडा पाठीमागे राहतो आणि फळीचं पुढचं टोक, जिथे सगळा जोर जातो, ते मोकळं लटकतं.

"अहो, मग सकाळीच सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, शेगडा डावीकडेच असतो. चित्रांत सगळीकडे डावीकडेच दिसला." मग हसून म्हणाल्या, "टी-स्क्वेअरचं, म्हणजे ड्रॉइंगच्या T आकाराच्या पट्टीचं, डोकं बोर्डाच्या डाव्या कडेला धरायचं, हे मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं. स्वतः घरी उजव्या कडेला धरायचे."

मी म्हटलं, बेंचच फिरवू. त्यांनी काही न बोलता मागच्या कागदावर चौकोन काढला, कोपऱ्यात शेगडा काढला आणि कागद अर्धा फिरवून माझ्यासमोर धरला. शेगडा पलीकडच्या कडेला गेला होता, आणि पलीकडून बघितलं तर पुन्हा डावीकडेच. डाव्या हाताचा मोजा कितीही फिरवला तरी उजव्या हाताला बसत नाही. एवढं कळायला मला कागद लागावा, याची जरा लाजच वाटली.

"राहू द्या, मिस्त्री. बेंच पलीकडच्या भिंतीला सरकवू, उजव्या पायात एक खुंटी ठोका, फळीचं टोक त्यावर टेकेल. सवय होईल मला."

खुंटीवर काम निभलं असतं, खोटं कशाला बोलू. पण 'सवय होईल' हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला हत्यारं पिशवीत भरवेनात.

दुसऱ्या दिवशी उजवीकडची खाच. तिथे गाठ नव्हती, पण खण होता. तो काढून डावीकडे नेला, त्यात निम्मा दिवस गेला. जुन्या खाचेत त्याच लाकडाचा तुकडा, रेषा जुळवून, सरस लावून बसवला आणि रंध्याने कडेबरोबर केला. रंग थोडा वेगळा पडलाच. वरची चार भोकं बुजवायला बुचं कापायला घेतली तर बाई म्हणाल्या, "वरून नको, खालून मारा."

परवा खणाची पट्टी बदलायला गेलो होतो. दोन भोकांत पेन्सिली उभ्या होत्या, तिसऱ्यात कंपास. चौथं रिकामं होतं, कारण ती पेन्सिल कानामागे होती.