‘शॅल’ नव्हे, ‘मे’

बँक गॅरंटीची मुदत आज संपतेय हे मला दुपारी पावणेएकला कळलं, तेही चुकून. कपाटात दुसऱ्याच टीमचं टीडीएस सर्टिफिकेट शोधत होते, तेव्हा तो हिरवट कागद हाताला लागला. टीमच्या मालकाने पैसे थकवले तर त्याच्या बँकेने लीगला द्यायचे चाळीस लाख. शेवटची तारीख आजची, आणि दावा पोचायला हवा फोर्टच्या शाखेत, लेखी, कामकाजाच्या वेळेत.

एका छोट्या प्रो बास्केटबॉल लीगचे हिशेब मी सांभाळायचे. बास्केटबॉल स्वतः कधी खेळले नाही. पण ज्या टीमच्या मालकाची, म्हणजे शेटची, ही गॅरंटी होती, तिच्या अकरा पोरांचा दोन महिन्यांचा पगार थकलाय, हे मला कोचच्या आधी माहीत होतं. माणशी महिना सत्तर हजार. त्यांचा कप्तान साताऱ्याचा. सोमवारी ऑफिसला येऊन गेला होता. बुटाचा सोल फेविक्विकने चिकटवलेला. पगाराबद्दल थेट बोललाच नाही, नुसतं म्हणाला, “ताई, घरमालकाला काय सांगू तेवढं सांगा.”

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, “अगं, शेटशी संबंध आहेत आपले. पुढच्या सीझनलाही टीम हवीय.” मी म्हटलं, “साहेब, उद्यापासून हा कागद रद्दी आहे.” त्यावर पाच मिनिटं शांतता. मग सही झाली. स्टॅम्प पॅड वाळलेलं होतं, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडून शिक्का मारला. निळ्याचा आकाशी झाला, पण अक्षरं वाचता येत होती.

अंधेरीहून दोन पाचची चर्चगेट फास्ट. वांद्र्याच्या पुढे शेटचा फोन. स्क्रीनवर त्यांचा डीपी उमटला: वरळीचा डोम, ऑक्टोबर 2019, मागे कोर्टवर किंग्ज आणि पेसर्स. भारतात एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बड्या बास्केटबॉल लीगचे, सामने पहिल्यांदाच झाले ते तेव्हाच. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ जुहूचे, त्यामुळे मुंबईतल्या पैसेवाल्यांना तेव्हा वाटलं असणार, टीम घेणं म्हणजे असं असतं. त्याच फोटोतल्या पेसर्सची जुनी गोष्ट शेटना बहुधा ठाऊक नसावी. 1976 मध्ये एनबीएत शिरताना 32 लाख डॉलर भरावे लागले आणि क्लबच्या गल्ल्यात खडखडाट झाला. पुढच्या जुलैत त्यांनी टीव्हीवर सोळा-सतरा तासांचा कार्यक्रम करून लोकांना सीझन तिकिटं घ्यायला विनवलं. आठ हजारांचं लक्ष्य गाठलं, तेव्हा कुठे टीम इंडियानात राहिली.

“मॅडम, थांबा, उद्या आरटीजीएस करतो.” हा उद्या मी सहा आठवडे ऐकत होते. “सर, गाडीत ऐकू येत नाहीये,” म्हणाले. गाडीत छान ऐकू येत होतं.

बँकेत तीन वीसला पोचले. काउंटरवरच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “ओरिजिनल आणलीय?” आणली होती. दाव्यातला आकडा आणि गॅरंटीतला आकडा त्यांनी दोनदा ताडून पाहिला. पोच दिली, शिक्क्याखाली हाताने वेळ लिहिली: 3.41.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, म्हणून फ्रँचायझी करार वाचला. आधीच वाचायला हवा होता. सही शेटची, पण कंपनीच्या वतीने. कंपनीचं भरणा झालेलं भांडवल एक लाख आणि वैयक्तिक हमी कुठेच नाही. म्हणजे गॅरंटी सोडली तर शेटच्या खिशात हात घालायला आम्हाला वाट नव्हती. आणि पगाराचं कलम असं: मालकाने पगार थकवला तर लीग तो ‘मे’ पे. शॅल नाही. म्हणजे देऊ शकते, द्यायलाच हवा असं नाही. न्यू ऑर्लीन्सच्या मालकाला टीम झेपेना, तेव्हा डिसेंबर 2010 मध्ये एनबीएने ती स्वतःच विकत घेतली आणि 2012 मध्ये दुसऱ्याला विकली. आमच्याकडे तेवढा पैसा नव्हता हे खरं. पण ‘शॅल’ लिहायला कुठे पैसे पडतात?

टीममधला एकमेव परदेशी खेळाडू मात्र तोवर पूर्ण पगार घेऊन मोकळा झाला होता. त्याच्या एजंटने करारात एक ओळ घातली होती: वाद झाला तर तो बीएटीकडे जाईल. हा फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाने, 2007 मध्ये सुरू केलेला लवाद, कायदेशीर ठिकाण जिनिव्हा. निकाल पाळला नाही तर क्लबला नवे खेळाडू नोंदवायची बंदी होऊ शकते. एजंटच्या एका ईमेलवर शेटनी आठवड्यात पैसे पाठवले. आमच्या पोरांच्या करारात ती ओळ नव्हती. तो मसुदा आमच्याच ऑफिसात टाइप झाला होता.

चौथ्या दिवशी चाळीस लाख जमा झाले. साहेबांनी आधी थकलेली फ्रँचायझी फी वळती केली, अठ्ठावीस लाख. मग आम्ही भरलेली हॉटेलची आणि प्रवासाची बिलं, पाच लाख. उरलेले सात अकरा जणांत. एका महिन्याचा पगारही पुरा होईना. मी म्हटलं, “आधी पोरांचे देऊ.” साहेब म्हणाले, “करार वाच.”

कप्तान व्हाउचरवर सही करायला आला. रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवला, पेन उचललं आणि थांबला. “ताई, इथे ‘फुल अँड फायनल’ लिहिलंय.”

व्हाउचर साहेबांच्या सांगण्यावरून तसं छापलं होतं. मी त्याच्या हातातून पेन घेतलं, ते शब्द खोडले, वर ‘खात्यापोटी अंशतः’ लिहिलं आणि बाजूला माझी छोटी सही केली. उरलेली दहा व्हाउचरंही पुढ्यात ओढली.