पिन लागली की माणूस बसतो, बुश लागला की मशीन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका छोट्या मशीन शॉपच्या मालकांनी गेल्या वर्षी मला दोन कोटेशने तपासायला दिली होती. गिऱ्हाईक पिनचा दर ५८ रुपयांवरून ५४ वर आणायला सांगत होते आणि मालकांच्या हिशेबाने पिनचा खर्चच ५६ रुपये असल्याने ते काम सोडण्याच्या विचारात होते. दुसरीकडे, दुरुस्तीसाठी लागणाऱ्या बुशला (भोकात बसवायच्या छोट्या धातूच्या नळीला) २१० रुपये मिळत होते, खर्च १३५ दिसत होता, आणि म्हणून ते काम आणखी वाढवावे असे त्यांच्या मनात होते. हिशेबाची बेरीज-वजाबाकी बिनचूक होती आणि तो ज्या पद्धतीने मांडला होता ती पद्धत मीच त्यांना काही वर्षांपूर्वी घालून दिलेली होती, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातला पहिला दोष माझ्याकडेच येतो.

ती पद्धत म्हणजे सर्वांना ठाऊक असलेला मशीन अवर रेट, म्हणजे मशीनच्या एका तासावर पडणारा खर्च. माल आणि ऑपरेटरची मजुरी वगळता उरणारा महिन्याचा खर्च, म्हणजे ओव्हरहेड, ६ लाख रुपये होते. भाडे, वॉचमन, ऑफिसचा किरकोळ खर्च मी यात धरलेला नाही, कारण तो कोणत्याही एका जॉबमुळे होत नाही. मशीन महिन्याला १,००० तास चालत होत्या, म्हणजे तासाला ६०० रुपये. पिन २०,००० नग आणि प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे ५०० तास. शॉपचा तिसरा जॉब फ्लँज (जोडणीची गोल चकती), त्याचे ६,००० नग आणि प्रत्येकी साडेचार मिनिटे, म्हणजे ४५० तास. बुश १,००० नग आणि प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे ५० तास. यावरून नगामागे ओव्हरहेड पिनवर १५, फ्लँजवर ४५ आणि बुशवर ३० रुपये पडत होते. हे सारे गणित एका गृहीतकावर उभे आहे, ते असे की ओव्हरहेड मशीन चालल्यामुळे होतात.

त्या गृहीतकाला पहिला तडा एका सेटरने, म्हणजे दर नव्या जॉबसाठी मशीन लावून देणाऱ्या कामगाराने, दिला. मी शॉपमध्ये उभा राहून वेळा टिपत होतो, तेव्हा तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "सायेब, पिन लागली की आम्ही बसतोय, बुश लागला की मशीन बसतंय." कॉस्टिंगच्या वर्गात मला हे इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते. बुश एका मापाचा नव्हता; बारा मापे होती आणि प्रत्येक माप महिन्यातून दोनदा मागवले जात असे. दर वेळी चकचे (नग पकडणाऱ्या भागाचे) सॉफ्ट जॉ बदलून बोअर करायचे, हत्यारे लावायची, त्यांची मापे मशीनला देणारे ऑफसेट घ्यायचे, पहिला नग काढून तपासणीला पाठवायचा आणि त्याला मंजुरी मिळेपर्यंत थांबायचे. एवढ्या सगळ्याला, म्हणजे एका सेटिंगला, सरासरी पाच तास लागत आणि त्यानंतर चाळीस-बेचाळीस बुश जेमतेम दोन तासांत निघून जात. जुन्या हिशेबाला हे दोन तास दिसत होते. पाच तास दिसतच नव्हते.

म्हणून आम्ही ते ६ लाख रुपये कामांप्रमाणे वेगळे केले. वीज, कूलंट, मेंटेनन्स आणि घसारा मिळून २,६४,००० रुपये खरोखरच मशीनच्या तासांशी बांधलेले होते. तो दर तासाला २६४ रुपये आला. सेटर व प्रोग्रामर यांचे पगार आणि सेटिंगच्या हत्यारांची घट मिळून १,४४,००० रुपये होत होते आणि महिन्यात ४८ सेटिंग झाली होती, म्हणजे एका सेटिंगला ३,००० रुपये. तपासणीचे ९०,००० रुपये १५० तासांवर वाटले तर तासाला ६००, स्टोअरचे ४८,००० रुपये माल आल्याच्या ४० नोंदींवर वाटले तर नोंदीला १,२००, आणि डिस्पॅचचे ५४,००० रुपये माल पाठवल्याच्या ६० चलनांवर वाटले तर चलनाला ९०० रुपये पडले. एकूण रकमेत एक रुपयाचाही फरक झाला नाही, फक्त ती कोणत्या दाराने आत येते ते बदलले.

आता बुशकडे पाहावे. मशीनचे ५० तास म्हणजे १३,२०० रुपये, हा आकडा किरकोळच. पण २४ सेटिंग म्हणजे ७२,००० रुपये, नगामागे ७२. तपासणीचे ४० तास म्हणजे २४,०००. बारा मापांसाठी वेगवेगळ्या व्यासाचे बार आणल्यामुळे स्टोअरच्या २० नोंदी म्हणजे आणखी २४,०००. आणि २४ चलने म्हणजे २१,६००. बेरीज १,५४,८०० रुपये, नगामागे १५४ रुपये ८० पैसे. जिथे आम्ही ३० रुपये लिहीत होतो तिथला हा आकडा आहे. ८५ रुपयांचा माल आणि २० रुपये मजुरी मिळवल्यावर बुशचा खर्च २५९ रुपये ८० पैसे झाला, आणि तो २१० ला विकला जात होता. पिनचे याच रीतीने ओव्हरहेड १५ ऐवजी १० रुपये ६८ पैसे आले आणि एकूण खर्च ५१ रुपये ६८ पैसे झाला, म्हणजे ५४ रुपये दरानेही ते काम सोडण्यासारखे नव्हते. फ्लँज ४५ वरून ३८ रुपये ६० पैशांवर आला. त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही.

हा अनुभव फक्त शिरोलीचा नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात जॉन डिअर कंपनीचा बारमधून टर्निंगचे भाग काढणारा कारखाना होता आणि हार्वर्डचे रॉबर्ट कॅप्लन व आर्टेमिस मार्च यांनी १९८० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. कंपनीच्याच इतर विभागांसाठी भरलेल्या कोटेशनांत त्या कारखान्याला मिळालेली कामे बहुतांशी थोड्या नगांची होती आणि मोठ्या संख्येची, जी त्याला खरोखर परवडणारी होती, ती बाहेरचे लोक घेऊन जात होते. आज 'अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग' (कामांप्रमाणे खर्च मांडण्याची रीत) म्हणून जे शिकवले जाते ते अशा अभ्यासांतून आकाराला आले. आपल्याकडे ठराविक उद्योगांत ३५ कोटी किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना २०१४ च्या नियमांनुसार कॉस्ट रेकॉर्ड ठेवावे लागतात, पण छोट्या शॉपला असे कोणी विचारत नाही. त्यामुळे त्यांचे कॉस्टिंग बहुतेक वेळा मालकाच्या खिशातल्या डायरीतच राहते.

मालकांनी आकडे पाहिल्यावर "बुश बंदच करू" असे म्हटले. मी त्यांना थांबवले, कारण १,५४,८०० रुपये बुशला चिकटले याचा अर्थ बुश बंद केल्यावर ते सगळे वाचतील असा होत नाही. सेटरचा पगार चालूच राहतो आणि इन्स्पेक्टरला अर्ध्या महिन्याची सुट्टी देता येत नाही. त्यापेक्षा गिऱ्हाइकाशी बोलणे शहाणपणाचे होते. दर २१० वरून २२५ झाला आणि प्रत्येक माप महिन्यातून एकदाच मागवायचे ठरले. बुशची सेटिंग २४ वरून १२ वर आली.

पुढच्या महिन्यात मालकांचा फोन आला. सेटिंग कमी झाल्यावर एका सेटिंगचा दर उतरायला हवा होता, तो ३,००० वरून ४,००० वर गेला होता आणि पिनवर, जिच्यात काडीचाही बदल झालेला नव्हता, नगामागे ४० पैसे वाढले होते. चूक माझीच होती. १,४४,००० रुपयांना मी प्रत्यक्ष झालेल्या सेटिंगने, म्हणजे आता ३६ ने, भागायला सांगितले होते, आणि मोकळ्या बसलेल्या सेटरचा भार पिनच्या डोक्यावर टाकला होता. कॅप्लन आणि अँडरसन यांनी २००४ मध्ये वेळेवर आधारलेली जी सुधारित रीत मांडली, तिचा भर नेमका याच मुद्द्यावर आहे: भागाकार झालेल्या कामाने न करता, होऊ शकणाऱ्या कामाने करावा.

दोन सेटर, पंचवीस दिवस आणि आठ तास, असे ४०० तास होतात. ब्रेकडाउन, चहा, हत्यारे घासणे यांत चौथा हिस्सा जातो असे धरले तर ३०० उरतात, आणि पाच तासांच्या हिशेबाने त्यांत ६० सेटिंग बसतात. म्हणजे सेटिंगचा दर २,४०० रुपये, महिन्यात सेटिंग कितीही होवोत. या दराने बुशवरचे ओव्हरहेड १११ रुपये ६० पैसे आणि एकूण खर्च २१६ रुपये ६० पैसे झाला, म्हणजे २२५ दरात तो तोट्यातून बाहेर आला. पिनवरचे ओव्हरहेड १० रुपये ४४ पैशांवर स्थिर झाले. उरलेल्या २४ सेटिंगचे ५७,६०० रुपये कोणत्याही जॉबवर न टाकता आम्ही वेगळ्या ओळीत लिहिले आणि त्या ओळीला 'रिकामे सेटर' असे साधे नाव दिले. मालकांना ते नाव अजिबात आवडले नाही. सध्या त्या ओळीत १९,२०० रुपये आहेत, कारण दरम्यान त्यांनी व्हॉल्व्ह गाइडचे एक काम घेतले असून त्याला महिन्याला सोळा सेटिंग लागतात.